मेडिकल डिव्हाइस प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय? अभियंत्यांसाठी पायरीपायरीने वाट

वाहन उद्योगात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत पाच-सात वर्षं काढलेला अभियंता वैद्यकीय उपकरणांकडे वळायचं म्हणतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र, करून टाकू का? करा, पण आत्ताच नको. त्याआधी या धंद्याची एक गोष्ट पक्की समजली पाहिजे. इथे कंपनी एकाच वेळी दोन वस्तू बनवत असते. एक म्हणजे ते उपकरण. दुसरी म्हणजे ते उपकरण सुरक्षित आहे आणि सांगितलेलं काम खरोखर करतं याचा लेखी पुरावा. पहिली वस्तू बऱ्यापैकी वेळेत तयार होते, रखडते ती दुसरी. आणि प्रोजेक्ट मॅनेजरची नोकरी मुख्यतः त्या दुसऱ्या वस्तूसाठी असते.

म्हणून आधी पुरावा तयार करायला शिकायचं आणि मग प्रोजेक्ट मागायचा, हा क्रम मी सांगेन. उलट क्रमाने आलेली माणसंही टिकतात, पण पहिली दोन वर्षं त्यांना रेग्युलेटरी आणि क्वालिटीवाले काय बोलतात ते कळत नाही. ज्या बैठकीत आपल्याला काही कळत नाही, ती बैठक चालवणं हे फार केविलवाणं काम आहे.

आधी काम ओळखा

उदाहरणासाठी सिरिंज पंप घेऊ. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या पलंगाशेजारी उभा असतो, सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलतो आणि तासाला ठरलेलं तेवढंच औषध शिरेत सोडतो.

डॉक्टर म्हणतात, "औषध अचूक गेलं पाहिजे." ही झाली वापरणाऱ्याची गरज. यावरून काही बनवता येत नाही आणि काही मोजताही येत नाही. म्हणून अभियंते ती मोजता येईल अशी लिहून काढतात: अमुक ते अमुक वेगाच्या पल्ल्यात, अमुक आकाराच्या सिरिंजसह, खोलीच्या अमुक तापमानात प्रवाहातली चूक इतक्या टक्क्यांच्या वर जाता कामा नये. हे डिझाइन इनपुट. त्यातून ड्रॉइंग, सर्किट, कोड, सुट्या भागांची यादी निघते, ते डिझाइन आउटपुट. आउटपुट इनपुटला उतरलं का याची चाचणी म्हणजे व्हेरिफिकेशन. आणि मूळ गरज भागली का, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला घाईत तो पंप बरोबर लावता येतो का, हे तपासणं म्हणजे व्हॅलिडेशन. प्रत्येक टप्प्याला रिव्ह्यू, शेवटी उत्पादनाकडे हस्तांतरण, आणि मधल्या प्रत्येक बदलाची नोंद.

या सगळ्याला डिझाइन कंट्रोल म्हणतात. अमेरिकेत ते १ जून १९९७ पासून बंधनकारक आहे. आयएसओ १३४८५ या, वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकात ते कलम ७.३ मध्ये येतं. मॅनेजरच्या रोजच्या कामाचा कणा म्हणजे यातून तयार होणारा ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स: डावीकडे गरज, मग इनपुट, आउटपुट, धोका, चाचणीचा क्रमांक, अहवालाचा क्रमांक. कुठलीही ओळ मध्येच तुटलेली असेल, तर तेवढं काम अजून झालेलं नाही, मग प्रयोगशाळेत पंप कितीही छान चालत असो.

कायद्याचा नकाशा, थोडक्यात

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. तेव्हा मोजकीच उपकरणं त्यांच्या कक्षेत होती. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणली. ए आणि बी या कमी जोखमीच्या वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून परवाना सक्तीचा झाला, सी आणि डी या जास्त जोखमीच्या वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून. ए वर्गातल्या निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या साध्या वस्तूंना तेवढी सूट आहे. आपला सिरिंज पंप सी वर्गात बसतो. हृदयाची झडप आणि पेसमेकर डी मध्ये.

ए आणि बी च्या उत्पादनाचा परवाना राज्य देतं, सी आणि डी चा दिल्लीची केंद्रीय संस्था, म्हणजे सीडीएससीओ. महाराष्ट्रात राज्याचं खातं म्हणजे अन्न व औषध प्रशासन, ज्याला आपण सगळे एफडीए म्हणतो. अमेरिकेची संस्थाही एफडीएच. बैठकीच्या इतिवृत्तात "एफडीएकडे अर्ज करणे" एवढंच लिहू नका, कुठली ते लिहा.

युरोपात वैद्यकीय उपकरणांचा २०१७/७४५ हा नियम २६ मे २०२१ पासून लागू आहे. अमेरिकेत जुन्या गुणवत्ता नियमाची जागा २ फेब्रुवारी २०२६ पासून नव्या नियमाने घेतली, आणि त्याने आयएसओ १३४८५ हे मानकच जवळपास आहे तसं आत घेतलं. त्यामुळे डिझाइनच्या सगळ्या कागदांच्या संचाला वापरला जाणारा डिझाइन हिस्टरी फाइल (डीएचएफ) हा शब्द अमेरिकी नियमातून गेला. कंपन्यांच्या तोंडातून तो जायला मात्र आणखी बरीच वर्षं लागतील. मुलाखतीत डीएचएफ म्हटलंत तरी कुणी हसणार नाही.

पहिली पायरी: आपला दरवाजा निवडा

प्रत्येक शाखेला आत यायची वेगळी वाट आहे.

मेकॅनिकलवाल्यांना, विशेषतः चाकण-पिंपरीच्या वाहन पट्ट्यातून येणाऱ्यांना, आपल्याला किती येतं याची अनेकदा कल्पना नसते. एपीक्यूपी (नव्या भागाच्या गुणवत्तेची आखणी), पीपीएपी (उत्पादनाआधीची भागमंजुरी), प्रक्रिया क्षमता, पुरवठादारांचं ऑडिट हे सगळं इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं. एकाच जागी गाडी घसरते, आणि ती जागा म्हणजे एफएमईए, म्हणजे बिघाड आणि त्यांचे परिणाम तपासायचा तक्ता. एफएमईए सुरू होतो भागाच्या बिघाडापासून. आयएसओ १४९७१ हे धोका व्यवस्थापनाचं मानक सुरू होतं रुग्णाला होऊ शकणाऱ्या इजेपासून. पंपाचा एकही भाग बिघडलेला नसताना सिस्टरने ५.० ऐवजी ५० टाइप केलं, तर एफएमईएच्या तक्त्यात ते सापडेलच असं नाही. धोक्याच्या फाइलमध्ये ते सापडलंच पाहिजे. शिवाय इथे जोखीम म्हणजे इजेची शक्यता आणि तिची तीव्रता. वाहन उद्योगातला "डिटेक्शन"चा, म्हणजे दोष किती सहज पकडला जाईल याचा, आकडा गुणून जोखीम कमी झाल्याचं दाखवता येत नाही. कारखान्यात दोष पकडला जाणं आणि रुग्णाला इजा न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मुलाखतीत स्वतःहून सांगणारा वाहन उद्योगातला उमेदवार समोरच्याच्या लक्षात राहतो.

इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांसाठी दरवाजा आयईसी ६०६०१-१. विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांची सुरक्षा त्यात आहे. उदाहरणार्थ, थेट हृदयाशी जोडता येणाऱ्या भागातून रुग्णाकडे गळणारा विद्युतप्रवाह नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या आणि एखादा दोष आला असता ५० मायक्रोअँपिअरच्या आत राहायला हवा. या मर्यादा लक्षात ठेवून पॉवर सप्लाय निवडणारा माणूस प्रोजेक्टचे महिने वाचवतो, कारण बाजारातला साधा अडॅप्टर लावून प्रोटोटाइप केला की चाचणीच्या वेळी सगळं पुन्हा करावं लागतं.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी आयईसी ६२३०४, वैद्यकीय सॉफ्टवेअर घडवण्याचं मानक. सॉफ्टवेअर चुकल्यास काय होईल यावरून ए, बी, सी असे सुरक्षा वर्ग, आणि वर्गाप्रमाणे कागद. अजाइल, म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत काम करायची पद्धत, चालतं, पण "कागद नंतर करू" हे चालत नाही. ज्यांना हे सगळं नोकरशाही वाटतं, त्यांनी थेरॅक-२५ वाचावं. किरणोपचाराच्या या यंत्राने १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली, त्यात मृत्यूही झाले. आधीच्या मॉडेलमधले यांत्रिक अटकाव काढून भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती, आणि ऑपरेटरने नोंदी झपाट्याने बदलल्या की कोडमधली रेस कंडिशन, म्हणजे दोन कामांच्या वेळा एकमेकांत अडकल्याने होणारी चूक, उघडी पडायची. जुन्या यंत्रातही तशाच चुका होत्या, पण तिथे यांत्रिक अटकाव त्या झाकत होते.

बायोमेडिकलवाल्यांना हे विषय अभ्यासात असतात, पण डिझाइनचा हात कच्चा असतो. त्यातले अनेक जण रुग्णालयात देखभालीची नोकरी करतात. ती कमी लेखू नका. पंप कुठे आपटतो, कुठला कनेक्टर पहिला तुटतो, कुठला अलार्म सगळे बंद करून टाकतात, हे ज्ञान कुठल्याच मानकात मिळत नाही.

दुसरी पायरी: दोन वर्षं पुराव्याच्या कारखान्यात

या क्षेत्रातली पहिली नोकरी घेताना पदनामाकडे पाहू नका. व्हेरिफिकेशन इंजिनिअर, डिझाइन क्वालिटी इंजिनिअर, सिस्टम इंजिनिअर यांपैकी काहीही मिळालं तरी घ्या. पगार जुन्या नोकरीइतकाच किंवा थोडा कमी असला तरी मी घेईन. प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर या नावाची जागा मात्र जपून. काही ठिकाणी ती खरंच शिकाऊ मॅनेजरची असते, काही ठिकाणी फक्त बैठका लावायची आणि एक्सेल रंगवायची. मुलाखतीत सरळ विचारा: धोक्याच्या फाइलच्या बैठकीला मी असेन का? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

सेवा कंपन्यांमध्ये, म्हणजे परदेशी ग्राहकांसाठी अभियांत्रिकी करून देणाऱ्या कंपन्यांमध्ये, रेमेडिएशन नावाचं काम भरपूर असतं. जुन्या उपकरणाची फाइल नव्या नियमाला जुळवून द्यायची. मुलं याला कंटाळतात, "आम्ही काय कारकून आहोत का" म्हणतात. पण वीस वर्षांपूर्वी कुणीतरी घेतलेल्या निर्णयाचं कारण कागदावर शोधून न सापडणं हा अनुभव एकदा आला की पुढे स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये निर्णय कसा लिहायचा ते आपोआप कळतं. वर्षभर करा, त्याहून जास्त नको.

या काळात एक गोष्ट हाताला लागली पाहिजे: चाचणीचा प्रोटोकॉल चाचणीच्या आधी लिहिणं. किती नमुने, कुठली पद्धत, पास कशाला म्हणायचं, हे सगळं आधी, सहीसकट.

नमुन्यांची संख्या अंदाजाने ठरत नाही. "९५ टक्के खात्रीने सांगतो की किमान ९० टक्के नग बरोबर असतील" असं पास-नापास चाचणीतून म्हणायचं असेल, तर एकही नापास न होता २९ नमुने लागतात. ९० च्या जागी ९५ टक्के हवे असतील तर ५९. ९९ हवे असतील तर २९९. जितकी इजा गंभीर, तितका आकडा वरचा. आता मॅनेजरच्या खुर्चीतून बघा: निर्जंतुक पिशवीत बंद केलेल्या स्वस्त नळीचे २९९ नग बनवणं आणि आपल्या पंपाचे ५९ नग बनवणं यांत पैशाचा केवढा फरक आहे. पंपासाठी मग पास-नापास सोडून मोजमापावर आधारलेली सांख्यिकी वापरतात, तिथे कमी नमुन्यांत भागतं. ही निवड बजेट ठरायच्या आधी झाली तर प्रोजेक्ट सुखाने चालतो. नंतर झाली तर फायनान्सच्या दारात उभं राहायची वेळ येते.

तिसरी पायरी: वाचन, पण क्रमाने

सगळी मानकं एकदम उघडू नका, झोप येईल. आधी अमेरिकी एफडीएची १९९७ ची डिझाइन कंट्रोलवरची मार्गदर्शिका वाचा. फुकट मिळते, भाषा सोपी आहे आणि इतक्या वर्षांनंतरही तिच्याइतकं स्वच्छ लिहिलेलं मला दुसरं सापडलेलं नाही. मग आयएसओ १३४८५ चं कलम ७. मग आयएसओ १४९७१. मग आपल्या शाखेचं एक मानक. वापरसुलभतेचं आयईसी ६२३६६-१ आणि शरीराला लागणाऱ्या पदार्थांच्या चाचण्यांचं आयएसओ १०९९३-१ यांची निदान तोंडओळख. भारतीय नियमांची प्रत सीडीएससीओच्या संकेतस्थळावर आहे. त्यातली पाचवी अनुसूची म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापन, ती ओळीने वाचा.

नुसत्या वाचनाने काही होत नाही, म्हणून एक घरचा अभ्यास सुचवतो. अमेरिकी एफडीएच्या खुल्या यादीत ५१०(के), म्हणजे बाजारात आधीच असलेल्या उपकरणाशी तुलना करून दिली जाणारी, मंजुरी मिळालेल्या उपकरणांचे सारांश असतात. त्यातला एखाद्या सिरिंज पंपाचा सारांश उतरवून घ्या. कोणकोणत्या चाचण्या केल्या त्या लिहा. मग त्याच प्रकारच्या पंपांवरचे रिकॉल, म्हणजे दोषामुळे उपकरणं परत बोलावल्याच्या किंवा दुरुस्त केल्याच्या नोंदी, त्याच संस्थेच्या यादीत शोधा आणि प्रत्येक रिकॉलसमोर लिहा: हा दोष कुठल्या चाचणीत पकडला जायला हवा होता, आणि डिझाइन इनपुटमधलं कुठलं वाक्य अपुरं असल्यामुळे तो निसटला असावा. असे दहा रिकॉल मनापासून सोडवले की मुलाखतीत बोलायला उसनं काही आणावं लागत नाही.

चौथी पायरी: पद मिळण्याआधी काम उचला

मॅनेजर सगळीकडे बुडत असतो आणि त्याच्या डोक्यावरची काही कामं कुणालाच नको असतात. तीच मागा. ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स सांभाळतो म्हणा. धोक्याच्या बैठकीचं इतिवृत्त लिहितो म्हणा. उत्पादनाकडे हस्तांतरणाची यादी मी चालवतो म्हणा. यातलं शेवटचं सगळ्यात शिकवणारं, कारण तिथे डिझाइनवाले "झालं" म्हणतात आणि उत्पादनवाले "कुठे झालंय?" म्हणतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

रेग्युलेटरी विभागातल्या एखाद्या अनुभवी व्यक्तीशी ओळख वाढवा. या विभागाला बहुतेक प्रोजेक्टवाले शेवटच्या महिन्यात गाठतात आणि मग "रेग्युलेटरीने अडवलं" म्हणून बोंब मारतात. तुम्ही पहिल्याच महिन्यात जा आणि विचारा: मॅडम, या पंपासाठी तुम्हाला शेवटी कुठले कागद लागतील, त्यांची यादी आजच द्याल का? उदाहरणार्थ, चाचणीसाठी थोडे नग बनवायचे तरी भारतात आधी एमडी-१२ मध्ये अर्ज करून एमडी-१३ ही परवानगी घ्यावी लागते. ती आराखड्यात नसली, तर प्रोटोटाइपची लाइन तयार आणि नग बनवायला मुभा नाही, अशी अवस्था होते.

आणि वॉर्डात जा. क्लिनिकल टीमबरोबर, रुग्णालयाची रीतसर परवानगी घेऊन, पण जा. मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूबरोबर एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या नर्सिंग होममध्येही जा. तिथे एका सॉकेटला मल्टिप्लग लावून चार यंत्रं चालतात, दिवे मधूनच मंद होतात, आणि सिरिंज ठरलेल्या कंपनीची नसते, दुकानात मिळेल ती असते. पंपाच्या बॅटरीचं आणि सिरिंज ओळखण्याचं डिझाइन इनपुट यानंतर वेगळं लिहिलं जातं.

पाचवी पायरी: आराखडा उलटा मांडायला शिका

अभियंता आराखडा मांडतो तो डिझाइनपासून पुढे. या क्षेत्रात तो शेवटापासून मागे मांडावा, कारण काही कामांना माणसं वाढवून वेग येत नाही.

निर्जंतुक वस्तू एक वर्ष टिकते असं लेबलवर लिहायचं आहे. वर्षभर थांबायला नको म्हणून वस्तू तापवून वेगाने म्हातारी करतात. दर १० अंशाला वेग दुप्पट धरतात, म्हणजे २५ ऐवजी ५५ अंशाला ठेवली तर आठपट. एका वर्षासाठी साधारण ४६ दिवस. दोन वर्षांसाठी तीन महिने. त्यानंतर पिशवीच्या सीलच्या चाचण्या. आणि खऱ्या वेळेची चाचणीही शेजारी चालूच ठेवावी लागते. या ४६ दिवसांत तुम्ही कितीही आरडाओरडा केलात तरी ४६ चे ४० होत नाहीत.

झडपेचं गणित याहून कठीण. हृदय मिनिटाला ७० ठोके धरलं तर वर्षाला सुमारे ३ कोटी ६८ लाख. कृत्रिम यांत्रिक झडपेला झीज चाचणीत ४० कोटी आवर्तनं पार करावी लागतात. सेकंदाला १५ या वेगाने यंत्र अखंड चालवलं तरी दहा महिने. नवव्या महिन्यात तडा गेला, तर डिझाइन बदला आणि पुन्हा शून्यापासून मोजा.

आपल्या देशात हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत शल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देशी झडपेचं काम सुरू झालं. अभियांत्रिकीची बाजू जी. एस. भुवनेश्वर यांनी सांभाळली. पहिले तीन नमुने टिकले नाहीत. कुठे वेल्डिंगचा जोड तुटला, कुठे चकतीच्या पदार्थाने दगा दिला. चौथ्या नमुन्यात हेन्स-२५ या मिश्रधातूची चौकट आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनची चकती आली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. पुढे टीटीके समूहाने तिचं उत्पादन घेतलं.

ही कथा सहसा देशाभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान रास्तच आहे. मला मात्र तिच्यात प्रोजेक्टचं व्यवस्थापन दिसतं. तीनदा नापास होऊनही चौथी फेरी केली गेली. तिसऱ्या नमुन्यानंतर "एवढं तरी चालेल" म्हणणारं कुणीतरी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतं. त्या वेळी बैठकीत खुर्ची कुणाची असते, हे फार महत्त्वाचं.

पंपाच्या आराखड्यात अशा न दबणाऱ्या कामांची यादी करा: विद्युत सुरक्षा आणि विद्युतचुंबकीय चाचण्यांसाठी प्रयोगशाळेची तारीख, त्यात एकदा नापास होण्याची तरतूद, साच्यांचा वेळ, नळीच्या जैवसुसंगततेच्या चाचण्या, वापरसुलभतेची अंतिम चाचणी. शेवटच्या चाचणीसाठी अमेरिकी एफडीएची अपेक्षा प्रत्येक प्रकारच्या वापरकर्त्यांमागे किमान १५ जणांची असते. परिचारिका हा एक गट, घरी पंप वापरणारे नातेवाईक हा दुसरा, म्हणजे ३० झाले. मग अर्ज. ५१०(के) साठी तपासणीचं उद्दिष्ट ९० दिवसांचं, पण त्यांनी जादा माहिती मागितली की घड्याळ थांबतं आणि उत्तराला तुम्हाला १८० दिवसांपर्यंत मुदत असते. व्यवस्थापनाला "९० दिवसांत मंजुरी" असं सांगू नका. हा वाक्प्रयोग पुढे फार महागात पडतो.

प्रमाणपत्रांचं काय

आता पीएमपी. चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. चौथ्या पायरीवरची कामं तोवर तुमच्या हातून झालेली असतील, त्यामुळे अर्ज भरताना ओढाताण होत नाही. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांत बायोडेटा गाळताना त्याचा उपयोग होतो, हे खरं. त्याआधी मात्र आयएसओ १३४८५ चा अंतर्गत लेखापरीक्षकाचा दोन-तीन दिवसांचा कोर्स करा आणि स्वतःच्या कंपनीत दोन ऑडिटं करा. दुसऱ्या विभागाची फाइल तपासायला बसलं की आपल्या फाइलमधली भोकं दिसू लागतात. सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट, म्हणजे प्रक्रिया सुधारण्याचं प्रमाणपत्र, असेल तर ठीक, नसेल तर त्यासाठी धावू नका. एमबीए बऱ्याच जणांना वाटतं तितकं गरजेचं नाही.

ज्यांना नोकरीआधी हात काळे करायचे आहेत त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचं बेटिक हे केंद्र आहे. प्रा. बी. रवी यांनी २०१४ च्या सुमारास उभं केलेल्या या केंद्रात डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून उपकरणं घडवतात. पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारातलं व्हेंचर सेंटर नवउद्योगांना आधार देतं. छोट्या स्टार्टअपमध्ये एकाच वर्षात डिझाइन, साचे, चाचण्या आणि परवाना सगळं पाहायला मिळतं. शिस्त मात्र मोठ्या कंपनीतच शिकायला मिळते. दोन्ही चाखून बघता आलं तर उत्तम. आधी मोठी कंपनी, मग स्टार्टअप, हा क्रम मला जास्त पटतो.

बायोडेटा आणि मुलाखत

"१२ जणांची टीम सांभाळली" या ओळीला इथे फारसं वजन नाही. त्यापेक्षा असं लिहा: कुठल्या वर्गाचं उपकरण, कुठल्या बाजारासाठी, डिझाइनच्या कुठल्या टप्प्यापासून कुठल्या टप्प्यापर्यंत, तुमच्या हाताने कुठले कागद झाले, ऑडिटमध्ये काय विचारलं गेलं. उपकरणाचं नाव गोपनीय असेल तर प्रकार लिहा. ग्राहकाचे अंतर्गत कागद नमुना म्हणून कधीच दाखवू नका. तिथल्या तिथे नापास व्हाल, आणि ते योग्यच होईल.

एक प्रश्न या ना त्या रूपात येतोच: ५९ पैकी एक नमुना नापास झाला, परवा रिलीज आहे, काय कराल? कच्चा उमेदवार म्हणतो, पुन्हा चाचणी करू. त्याहून कच्चा म्हणतो, आणखी नमुने घेऊन टक्केवारी बसवू. दोन्ही उत्तरांनी मुलाखत तिथेच संपते. आधी तो नमुना आणि चाचणीची जागा आहे तशी जपायची. विचलनाची, म्हणजे ठरल्याप्रमाणे न झालेल्या गोष्टीची, नोंद उघडायची. दोष उपकरणात आहे की मोजण्याच्या पद्धतीत, हे पुराव्यानिशी शोधायचं. पद्धतीत निघाला तर ती दुरुस्त करून, प्रोटोकॉलची नवी आवृत्ती मंजूर करून, संपूर्ण चाचणी परत. उपकरणात निघाला तर त्यातून रुग्णाला काय होऊ शकतं हे धोक्याच्या फाइलमध्ये बघायचं आणि डिझाइनकडे परत जायचं. आणि हे सगळं चालू असताना, त्याच दिवशी संध्याकाळच्या आत, वरिष्ठांना लेखी कळवायचं की परवाची तारीख गेली, नवी तारीख शोध पूर्ण झाल्यावर सांगतो. या शेवटच्या वाक्यासाठीच तो प्रश्न विचारलेला असतो.

नोकरी लागल्यावर

मधूनच हातात आलेल्या प्रोजेक्टचा पहिला आठवडा गँट चार्टवर, म्हणजे कामांच्या वेळापत्रकाच्या तक्त्यावर, घालवू नका. आधी धोक्याची फाइल वाचा. मग जुन्या मॉडेलबद्दल बाजारातून आलेल्या तक्रारी वाचा, निदान गेल्या दोन वर्षांच्या. ज्या तक्रारीचा धोका फाइलमध्ये नाही, ती वेगळ्या कागदावर उतरवा आणि क्वालिटीच्या प्रमुखांकडे घेऊन जा. मग उघडी राहिलेली विचलनं मोजा आणि प्रत्येकासमोर माणसाचं नाव आणि तारीख आहे का बघा. सगळ्यात शेवटी चार्ट उघडा. त्यात रिव्ह्यूच्या तारखा आहेत आणि रिव्ह्यूत निघालेल्या दुरुस्त्यांना मात्र एकही दिवस ठेवलेला नाही, असं बहुतेक वेळा दिसेल. ते दिवस आधी घाला.